अर्धा पौंड प्रेशर

एप्रिल १९७४, सोमवार, सकाळचे सव्वासहा. चाळीच्या पाइपावरच्या गेजवर प्रेशर अर्धा पौंड. हजर माणसे चार: मी, आमचा व्हॉल्व्हमन इमाम, कामगार चाळीच्या पहिल्या रांगेत राहणारा कोंडीबा जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, आणि तिसऱ्या रांगेतली अंबव्वा. आम्ही चौघे एका खड्ड्याभोवती उभे होतो. खड्डा दोन फूट खोल. तळाशी घोटाभर काळपट पाणी, आणि त्या पाण्यात एका नळाचे तोंड बुडालेले. हा कंपनीने दिलेला पिण्याच्या पाण्याचा नळ होता.

"इथून पिता?" मी कोंडीबाला विचारले.

"मग काय चंद्रावरनं आनू, साहेब? नळ हितंच हाय."

मी सोलापुरातल्या एका कापडगिरणीत मेंटेनन्स ओव्हरसियर आहे. वाफ, पाणी आणि या दोन्हींचे पाइप हे माझे काम. गिरणीचे नाव लिहीत नाही, कारण मला अजून तिथेच नोकरी करायची आहे. गिरणीच्या मागे उतारावर कामगारांची चाळ आहे. तिच्या तीन रांगा. पहिली रांग वरच्या अंगाला, तिसरी सर्वांत खाली. चाळीच्या पलीकडे टेकाडावर अधिकाऱ्यांचे पाच बंगले. चाळ आणि बंगले या दोघांना पाणी एकाच उंच टाकीतून जाते. टाकीखाली दोन व्हॉल्व्ह आहेत, एक बंगल्यांचा आणि एक चाळीचा. बंगल्यांचा व्हॉल्व्ह त्या वेळी चोवीस तास पूर्ण उघडा असे. चाळीचा सकाळी साडेपाच ते सात एवढाच उघडत असे, आणि तोही दोन आटे. व्हॉल्व्हच्या चाकाच्या एका फेऱ्याला आम्ही आटा म्हणतो. तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला चौदा आटे लागतात. यावरून दोन आट्यांत काय येत असेल त्याचा अंदाज कोणालाही करता येईल.

बहात्तरच्या दुष्काळात ही पद्धत सुरू झाली. तेव्हा टाकी भरणाऱ्या विहिरीला पाणी नव्हते, म्हणून ते ठीक होते. चौऱ्याहत्तरमध्ये विहीर भरलेली होती. पद्धत मात्र तशीच राहिली. का राहिली ते पुढे येईलच.

प्रेशर हा शब्द आता कोणाला समजावून सांगावा लागत नाही, आणि माझी तक्रार तीच आहे. शुक्रवार पेठेत आमच्या स्वयंपाकघरात प्रेशर कुकर आहे. शेजारच्या तात्यांना प्रेशर आहे म्हणून ते लोणच्याला हात लावत नाहीत. आमचा बॉयलर अटेंडंट "प्रेशर आलं" म्हणतो तेव्हा डाइंग खात्याला वाफ सोडायची असते. युनियन मॅनेजमेंटवर प्रेशर आणते, मॅनेजमेंट खातेप्रमुखांवर, खातेप्रमुख जॉबरवर. मेहुण्याला पोराच्या अ‍ॅडमिशनसाठी कोणाचे तरी प्रेशर हवे असते. आणि ऑफिसात एखादे काम करू नये हे सर्वांना ठाऊक असले, तरी ते करताना "वरून प्रेशर आहे" एवढे म्हटले की पुढे कोणी काही विचारत नाही.

पाण्याच्या कामात या शब्दाचा अर्थ अगदी साधा आहे. प्रेशर म्हणजे पाण्याची उंची. टाकी जितकी वर, तितके खालच्या नळाला प्रेशर जास्त. एक पौंड प्रेशर असेल तर पाणी पाइपातून सव्वादोन फुटांहून थोडे वर चढते. अर्धा पौंड असेल तर जेमतेम फूट-सव्वा फूट. कंपनीने चाळीत नळ बसवले ते जमिनीपासून अडीच फुटांवर. म्हणजे पहिल्या रांगेतल्या नळाला पाणी येणे शक्यच नव्हते. मग लोकांनी काय केले? पाणी वर चढत नाही, तर नळ खाली नेला. दारापुढे खड्डा खणला, उभा पाइप कापला आणि तोटी खड्ड्यात बसवली. पुढे तोटीही काढून टाकली. नुसता पाइप उघडा ठेवला, म्हणजे पाणी कधी आले ते आवाजावरून कळते. पहिल्या रांगेत असा खड्डा नाही असे एक घर उरले नव्हते. शेजारून गटार वाहते. खड्डे कशाने भरत होते ते सांगायला नको.

कोंडीबाला मी हे सगळे बोलून दाखवले. तो चिडला नाही. उलट त्याला हसू आले.

"साहेब, आमच्या चाळीचं उलटंच हाय. नळाला परेशर न्हाय, आन् संडासाम्होरं रांगंत हुब्यानं सगळ्यास्नी परेशर."

अंबव्वा हसली नाही. त्या महिन्यात चाळीत कावीळ आली होती. अकरा माणसे अंथरुणाला होती. बारावी अंबव्वाची सून यल्लव्वा. यल्लव्वाला सातवा महिना होता. नवरा राजय्या आमच्याच चादर खात्यात विणकर. हे कुटुंब तेलुगू, पण अंबव्वा मराठी बोलायची आणि पुरेसे बोलायची.

"डॉक्टर म्हनला पानी खराब हाय," ती म्हणाली. "पानी कंपनीचं. मग साहेब, तुमी बघा की. मी काय बघू?"

कंपनीच्या डॉक्टरांनी मला आदल्या शनिवारी बाजूला घेऊन सांगितले होते की साध्या माणसाला ही कावीळ सहसा सोडून जाते, पण शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईच्या जिवावर बेतते. औषध असे नाही. तिसऱ्या रांगेत आणखी दोघी गरोदर होत्या. त्यांना हे होऊ द्यायचे नसेल तर पाणी कुठे बिघडते ते शोधा, आणि तोवर पाणी उकळून पिऊ दे, असे ते म्हणाले. उकळायचे मी अंबव्वाला सांगितले. तिने विचारले की रॉकेल कार्डावर मिळते तेवढ्यात स्वयंपाक करू की पाणी उकळू.

मला एक गोष्ट खटकत होती. सगळ्यांत घाण खड्डे पहिल्या रांगेत, आणि आजारी माणसे जवळजवळ सगळी तिसऱ्या रांगेतली. तिथे नळ जमिनीच्या वर होते. उतारामुळे तिथे पाणी थोडे चढत होते, खड्ड्याची गरज नव्हती. मग स्वच्छ नळाचे पाणी पिणारी माणसे पिवळी का पडत होती?

उत्तर इमामने व्हॉल्व्ह बंद केला तेव्हा मिळाले. सात वाजता पाणी बंद झाल्यावरही तिसऱ्या रांगेतल्या बायका हंडे लावून बसल्या होत्या. पाइपात उरलेले पाणी उताराने त्यांच्याकडे येत राहते, ते त्या सोडत नसत. आता पाइप खालून रिकामा होतो तेव्हा वरून काहीतरी ओढणारच. डब्यातले रॉकेल रबरी नळीने काढतो तसे. वर हवा मिळाली तर हवा ओढेल. पण पहिल्या रांगेतली पाइपांची तोंडे खड्ड्यातल्या पाण्यात बुडालेली होती. तेव्हा तो ओढत होता ते खड्ड्यातले पाणी. पहिल्या रांगेचे गटार रोज सकाळी सातनंतर तिसऱ्या रांगेच्या हंड्यात जात होते, आणि सगळे मिळून त्याला नळाचे पाणी म्हणत होते.

मी हे कोंडीबाला सांगितले. त्याला ते पटले नाही. पाणी खालून वर कसे चढेल आणि खड्ड्यातून आत कसे शिरेल, असे तो विचारू लागला. पहिल्या रांगेतले आणखी लोक जमले. त्यांचे म्हणणे एकच, की आम्ही खड्ड्यातले पितो आणि आम्हाला काही होत नाही, मग खालच्यांना कसे होते? प्रश्न चुकीचा नव्हता. त्यांना प्रेशर असताना ताजे पाणी मिळत होते. घाण जात होती ती नंतर, आणि खाली.

तोंडाने सांगून उपयोग नव्हता. राजय्याने डाइंग खात्यातला लाल रंग आणून देतो म्हटले. मी नको म्हटले. जे पाणी कोणाच्या तरी पोटात जाणार त्यात कापडाचा रंग घालणार नाही. नवी पेठेतून जिलेबीत घालतात तो केशरी रंग आणला. मंगळवारी सकाळी सहाला, पाणी चालू असताना, कोंडीबासकट पहिल्या रांगेतल्या चार बाप्यांसमोर तो तीन खड्ड्यांत कालवला. तिसऱ्या रांगेला सांगून ठेवले की आज सातनंतरचे पाणी कोणी प्यायचे नाही.

सातला व्हॉल्व्ह बंद झाला. पहिल्यांदा नेहमीचे पाणी आले. मग फिकट पिवळे. मग लग्नातल्या सरबतासारखे केशरी.

अंबव्वाने तांब्या भरला, उतार चढून वर आली आणि तो कोंडीबापुढे धरला.

"पी की," ती म्हणाली. "तुज्याच दारातलं हाय."

कोंडीबाने तांब्या हातात घेतला आणि वाकून आतले पाणी बघितले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बुजवतो, साहेब. आजच्या आज बुजवतो. पर मग पानी चढंल का?"

नाही, असे मला सांगावे लागले. अर्ध्या पौंडावर चढणार नाही.

"मग काय बुजवायचं आन् काय प्यायचं?"

ही माझी अडचण होती. खड्डे ठेवले तर तिसरी रांग मरते, बुजवले तर पहिली रांग कोरडी पडते. दोन्हींचे कारण ते दोन आटे. ते बदलायचा अधिकार मॅनेजरसाहेबांचा. एका बाटलीत ते केशरी पाणी भरून मी ऑफिसात गेलो.

अशा ठिकाणी 'साहेब मनाने वाईट नव्हते' असे लिहायची पद्धत आहे. मी तसे लिहिणार नाही.

"हे काय, सरबत?" त्यांनी बाटलीकडे बघून विचारले.

मी सांगितले. ते हुशार होते, त्यांना एका वाक्यात समजले. खड्डे लोकांनीच खणले आहेत, तेव्हा नोटीस लावा आणि बुजवून टाका, असे म्हणाले. मी म्हटले की बुजवू, पण त्याआधी सकाळच्या दीड तासात चाळीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडू आणि तेवढा वेळ बंगल्यांचा बंद ठेवू. बंगल्यांच्या छपरांवर पाचशे-पाचशे गॅलनच्या टाक्या आहेत. दीड तास लाइन बंद राहिली तर घरात कोणाला पत्ताही लागणार नाही.

"घरात नाही लागणार," ते म्हणाले. "लॉनचं काय?"

मला आधी ऐकण्यात चूक झाली असे वाटले. मग त्यांनी समजावून सांगितले. त्यांच्या बंगल्यापुढच्या लॉनला पाणी छपरावरच्या टाकीतून नाही, सरळ लाइनवरून पाइप लावून देतात. ते सकाळी साडेपाच ते सातच द्यावे लागते. ऊन चढल्यावर दिले तर सोलापूरच्या उन्हात गवत करपते. चाळीचा व्हॉल्व्ह जास्त उघडला की लॉनच्या पाइपला जोर राहत नाही. म्हणून दोन आटे.

संध्याकाळी द्या, असे मी म्हणालो.

"संध्याकाळी घरचे लोक लॉनवर बसतात, मोहोळकर. ओल्यात बसतील का?"

मी म्हटले, "साहेब, खाली एक गरोदर बाई पिवळी पडलेली आहे. आणखी दोघी आहेत."

"ते डॉक्टर बघतील. हे लोक उन्हाळ्यात रस्त्यावरचे बर्फाचे गोळे खातात, त्याला मी काय करू?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "मेअखेरीला चेअरमनसाहेब येताहेत. पार्टी लॉनवर आहे. माझ्यावर वरून प्रेशर आहे. तुम्ही जबाबदार माणूस आहात, तुम्ही समजून घ्या."

एवढा राग मला नोकरीत त्याआधी आला नव्हता. रागाचे कारण गवत एवढेच नव्हते. चाळीच्या नळाला प्रेशर नाही म्हणून माणसे आजारी, आणि साहेबांवर प्रेशर आहे म्हणून इलाज करता येत नाही. एकच शब्द दोन्ही बाजूंना, आणि त्यातले खरे मोजलेले असे फक्त चाळीचे, अर्धा पौंड. मी बाटली उचलली आणि बाहेर आलो. जाताना माळ्याला लॉनचा पाइप मुद्दाम चालू करून एका बादलीत धरायला लावला आणि घड्याळ बघितले. हिशेब केला. लॉनला दीड तासात जे पाणी जात होते, त्यात पहिल्या रांगेतल्या सगळ्या घरांची भांडी भरून वर उरली असती.

इमामला मी सांगितले की उद्यापासून चाळीचा पूर्ण उघडायचा, बंगल्यांचा बंद.

"साब, चाक फिराने कू दो मिनिट लगते," इमाम म्हणाला. "पन घर में खानेवाले सात हैं."

त्याचे बरोबर होते. पकडला गेला असता तो, मी नाही. म्हणून बुधवारपासून मीच पाचला सायकलने शुक्रवार पेठेतून निघू लागलो. दोन्ही चाके माझ्या हाताने फिरवत असे, आणि सात वाजता पुन्हा होती तशी करत असे. इमाम शेजारी पाठ करून विडी ओढत उभा असायचा. "मैं क्या बी देख्या नै, साब," असे रोज एकदा म्हणायचा.

पहिल्या दिवशी गेजवर अकरा पौंड आले. पहिल्या रांगेतल्या खड्ड्यांतून पाण्याचे फवारे छातीपर्यंत उडाले. कोंडीबा नखशिखांत भिजला. तशा ओल्या कपड्यांनीच त्याने फावडे आणले आणि स्वतःचा खड्डा आधी बुजवला. स्टोअरमधून मी पाइपचे तुकडे आणि तोट्या काढून दिल्या. आठवड्याच्या आत सगळे नळ पुन्हा अडीच फुटांवर आले. मी टाकीत आणि लाइनमध्ये ब्लीचिंग पावडर सोडून पाइप धुऊन घेतला.

आता यल्लव्वाबद्दल लिहायचे. मी चाक फिरवले त्या दिवशी ती अंथरुणावर उठून बसत होती. पुढच्या आठवड्यात तिची शुद्ध हरपू लागली. राजय्याने तिला सरकारी हॉस्पिटलात नेले. तिथे मूल आधी गेले. दोन दिवसांनी ती गेली. तिचे वय वीस होते. मी हॉस्पिटलात गेलो तेव्हा अंबव्वा व्हरांड्यात बसली होती. माझ्यावर ओरडेल असे मला वाटले होते. तिने फक्त विचारले, "पानी आता बरं हाय ना, साहेब? त्या दोघींना तेच पाजू ना?" मी हो म्हटले. हो म्हणताना मला भीती वाटली, कारण आजार थांबलेला नव्हता.

मे महिन्यात चाळीत आणखी पाच जण पिवळे पडले. त्यातला एक पहिल्या रांगेतला. लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. कोंडीबानेही विचारले की एवढे सगळे करून काय मिळाले. मी डॉक्टरांना गाठले. त्यांनी सांगितले की ही कावीळ पाणी पोटात गेल्यावर महिन्याने, कधी दीड महिन्याने दिसते. आज पिवळा दिसणारा माणूस एप्रिलमध्ये प्यालेला आहे. अजून काही दिवस असेच येतील, मग थांबेल. तुम्ही व्हॉल्व्ह सोडू नका.

मी सोडला नाही. पण तेवढ्यात लॉनने बोंब मारली.

तीन आठवडे माळी रोज सकाळी बंगल्यावर सांगत होता, "बाईसाहेब, परेशर न्हाय." सातनंतर पाणी येई ते तो उन्हात देत होता, आणि गवत कडेने पिवळे होत चालले होते. चाळीत 'प्रेशर नाही' याच उत्तरावर लोकांनी मुकाट्याने खड्डे खणले होते. इथे कोणी खड्डा खणला नाही. मॅनेजरसाहेबांना फोन गेला. साहेब एका सकाळी सहाला स्वतः टाकीखाली आले. मी चाकाजवळच होतो, त्यामुळे चौकशी करायची गरज पडली नाही.

"कोणाच्या ऑर्डरने?"

"माझ्या."

त्यांनी माझा अधिकार विचारला. मग म्हणाले, "आणि उपयोग काय झाला? अजून पेशंट येताहेत. म्हणजे तुमची थिअरी चूक."

मी डॉक्टरांचे म्हणणे सांगितले. "फार सोयीचं आहे," ते म्हणाले.

"साहेब," मी म्हणालो, "या तीन आठवड्यांत पाच बंगल्यांपैकी एकाच्या तरी घरात पाणी कमी पडलं? एक तक्रार आली?"

"लॉन..."

"लॉन सोडून."

त्यांनी रागाने विचारले, "चेअरमनसाहेबांना मी काय सांगू?"

"प्रेशर नव्हतं म्हणून सांगा," मी म्हणालो.

इमामने विडी टाकली. साहेबांचा चेहरा लाल झाला. मी बोलून गेलो होतो, तेव्हा उरलेलेही बोललो. व्हॉल्व्ह पहिल्यासारखा करायचा असेल तर मला आत्ता ऑर्डर द्या, मी आत्ता करतो. मात्र ती ऑर्डर कोणाची हे मी तिसऱ्या रांगेत उभा राहून मोठ्याने सांगेन. गेल्या महिन्यात तिथून कोण गेली ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्यांनी ऑर्डर दिली नाही. त्यांचे मन वळले असे मला वाटत नाही. पाणी भरायला आलेल्या पंधरा-वीस बायका तोवर टाकीखाली जमल्या होत्या, पुढे अंबव्वा होती, आणि त्या साहेबांकडे बघत होत्या. साहेब गाडीत बसून गेले.

दुपारी मला मेमो मिळाला. वरिष्ठांना न विचारता पाणीवाटपात बदल केल्याबद्दल एका वर्षाचे इन्क्रिमेंट बंद. मी तो घेतला आणि सही केली. जे केले ते केले होते.

जून सरता सरता नवे पेशंट थांबले. तिसऱ्या रांगेतल्या त्या दोघी जुलैत आणि ऑगस्टमध्ये बाळंत झाल्या. दोन्ही मुले नीट आहेत. एकाचा आवाज मला रोज सकाळी टाकीपर्यंत ऐकू येतो. चाळीचा व्हॉल्व्ह अजून साडेपाच ते सात चौदा आटे उघडतो. आता तो इमाम उघडतो, बघून आणि उघड्या डोळ्यांनी. अंबव्वा भेटली की बोलते. यल्लव्वाचा विषय ती काढत नाही, मीही काढत नाही.

या धंद्यात नव्याने येणाऱ्याला मी एवढेच सांगतो. एखाद्या नळाला पाणी नाही अशी तक्रार आली तर त्या नळाकडे बघत बसू नये. त्याच वेळी दुसरीकडे कुठे पाणी चालू आहे ते आधी जाऊन बघावे.

मेअखेरीची पार्टी ठरल्याप्रमाणे झाली. तिच्या आधी आठ दिवस पुण्याहून गवताच्या तयार लाद्या ट्रकने आणून लॉन नवे बसवले. त्याला पाणी टँकरने घातले. टँकर मिळत होता, हे मला तेव्हा कळले. लॉनचे आणि टँकरचे बिल ठेकेदाराला त्याच महिन्यात पूर्ण मिळाले. राजय्याचे हॉस्पिटलातले दिवस आणि नंतरचे सुतकाचे दिवस बिनपगारी धरले गेले. त्याला काही मिळाले नाही.